पाण्याच्या पाळीतला एक तास

घड्याळाचे काटे मागेपुढे करण्याचा विषय निघाला की मी गप्प बसतो. परवा ओसरीवर कोणीतरी मोठ्याने वर्तमानपत्र वाचत होतं. परदेशात म्हणे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, थंडीत पुन्हा मागे आणतात, आणि ही प्रथा बंद करावी की चालू ठेवावी यावर तिथले लोक भांडताहेत. ऐकणाऱ्यांना मोठी गंमत वाटली. एकाने विचारलं, "तुमचं काय मत, गुरुजी?" मी म्हणालो, बंद करावी. का, ते सांगितलं नाही. चहा थंड होतोय म्हणून उठलो. चहा अजून आलाच नव्हता.

आपल्याकडेही हे एकदा होऊन गेलं आहे, पण फार थोड्यांना आठवतं. युद्ध चालू होतं. बेचाळीसच्या पावसाळ्याच्या शेवटी सरकारचा हुकूम आला की सगळी घड्याळं एक तास पुढे करायची. कालपर्यंत ज्याला पाच म्हणत होतो त्याला आजपासून सहा म्हणायचं. रेल्वे, कचेऱ्या, शाळा, सगळं नव्या टाइमावर गेलं. आणि गावं राहिली जुन्यावर. मग कोणी लग्नाचं बोलावणं आणलं तरी आधी विचारावं लागे, नव्या टाइमानं का जुन्या? गाडी धरायला निघालेली माणसं स्टेशनात पोचत तेव्हा गाडी निघून गेलेली असे, आणि मग ती फलाटावर बसून सरकारला शिव्या देत.

मी तेव्हा गावच्या प्राथमिक शाळेत हेडमास्तर होतो. आमचं गाव अर्जुनी-मोरगावच्या बाजूचं, मावळतीला प्रतापगडाचा डोंगर दिसतो. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात मोडायचा. गावाला मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, मोठा तलाव, तलावाच्या पारीखाली, त्या मातीच्या बांधाखाली, धानाची शेतं, आणि पारीला लागून माझं घर. घराच्या ओसरीत भिंतीवरचं घड्याळ होतं. गावातलं ते एकुलतं एक घड्याळ, आणि त्याच्यापेक्षा माझा तोरा मोठा होता.

हुकूम आला त्या आठवड्यात मी ते घड्याळ दुरुस्तीसाठी गोंदियाला नेलं होतं. तिथल्या घड्याळजीने काच पुसत विचारलं, "कौन सा टाइम लगाऊँ, मास्टरजी? सूरज का, के गोरमेंट का?" मी ताठ मानेने सांगितलं, "गव्हर्मेंट का." जसं काही मला कोणी मुलाखतीला बसवलं होतं. गावी आल्यावर चावडीत उभा राहून मी सगळ्यांना नवा टाइम समजावला. तास हा फक्त आकडा आहे, आकडा बदलल्याने कोणाचं काही जात नाही, असं मी म्हणालो. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "ते सारं बरोबर आहे जी. पन कोंबड्याले कोन सांगल?" चावडी हसली. मला राग आला. आकडा बदलल्याने कोणाचं काही जात नाही, हे वाक्य मात्र मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

आता तलावाच्या पाण्याची रीत सांगायला हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यातच आहे.

धान पोटऱ्यात आला आणि पावसाने दगा दिला की तलावाची मोरी, म्हणजे पारीतली पाणी सोडायची वाट, उघडत. मोरी उघडायला आणि बंद करायला एक म्हातारा पाणकर नेमलेला होता. रात्री पाणी सोडत नसत, कारण अंधारात पाट फुटले तर पाणी नाल्याला जाई. पूर्वी दिवस उगवला की मोरी उघडे आणि बुडाला की बंद होई. पण आभाळ असलं की भांडणं होत, म्हणून मालगुजाराच्या दिवाणजीने ठरवून दिलं की गुरुजींच्या घड्याळात सकाळी सहाला मोरी उघडायची, संध्याकाळी सहाला बंद. पाणकराला आकडे वाचता येत नव्हते. दोन काटे एका रेषेत उभे राहिले की सहा, एवढं मी त्याला शिकवलं होतं. तो पारीवरून उतरून माझ्या ओसरीत यायचा, घड्याळाकडे मान वर करून बघायचा आणि जायचा.

मोरी सहाला उघडणार आणि सहाला बंद होणार, पण पाटाच्या एका फाट्यावर दोघांची शेतं असत. आधी वरच्याने घ्यायचं, मग खालच्याने. ही मधली अदलाबदल घड्याळावर नव्हती. भर दुपारी शेतातून उठून माझ्या ओसरीत घड्याळ बघायला कोण येणार? त्यासाठी फाट्याजवळ एक काठी रोवलेली असे. काठीची सावली आखूड होऊन तिच्या बुडाशी आली की खालच्याने यायचं, फावड्याने वरच्याचा पाट चिखलाने बांधायचा आणि पाणी आपल्याकडे वळवायचं. वरच्याने तिथे हजर राहायचीही गरज नव्हती. पिढ्यान्पिढ्या असंच चाललं होतं. सहा तास वरच्याचे, सहा तास खालच्याचे.

माझं शेत वरचं होतं. चार दिवसांतून एकदा आमची पाळी येई.

माझ्याखालचं शेत एक बाई करत होती. जमीन मालगुजाराच्या सिरीची, म्हणजे त्याच्या खास मालकीची, दर साली ज्याला द्यायची त्याला देता येण्यासारखी. तिचा नवरा ती करत असे. त्या साली तो आसामात युद्धाच्या रस्त्याच्या कामावर गेला आणि बाई एकटी राहिली. दिवाणजी जमीन काढूनच घेणार होता. बाईच्या हातून धान होत नाही, असं त्याचं म्हणणं. तिने त्याच्या दारात दोन दिवस बसून एका हंगामाची मुदत मागून घेतली. या साली शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे बांध घातलेल्या शेवटच्या वाफ्यापर्यंत, धान भरून दाखवला तर जमीन तिच्याकडे राहणार होती, नाहीतर जाणार होती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, मलाही. रोवण्याच्या, धानाची रोपं लावायच्या वेळी ती इतरांच्या आधी बांधीत उतरायची आणि सगळ्यांच्या नंतर वर यायची.

त्या साली हस्ताचं नक्षत्र कोरडं गेलं. मोरी उघडायची वेळ आली तेव्हा घड्याळ नव्या टाइमावर जाऊन थोडेच दिवस झाले होते.

पहिल्या पाळीच्या दिवशी पाणकर अंधारातच माझ्या दारात उभा. "गुरुजी, घड्याळ बिघडला का? काटे त उभे झाले, पन चांदन्या दिसून राहिल्या." मी म्हणालो, बिघडलं नाही, आता सहा असेच वाजणार, सरकारचा हुकूम आहे. त्याने खांदे उडवले आणि जाऊन मोरी उघडली. संध्याकाळी डोंगरावर अजून चांगलं हातभर ऊन असताना घड्याळात सहा वाजले आणि त्याने मोरी बंद केली. दुपारची काठी मात्र तिच्या जागीच होती. तिच्यापर्यंत हुकूम पोचला नव्हता. बाई नेहमीसारखी सावली काठीच्या बुडाशी आल्यावर आली आणि पाणी वळवून घेतलं.

मी शाळेच्या खिडकीतून तिला पाट बांधताना पाहिलं. त्या दिवशी फळ्यावर मी काळ-काम-वेगाचं गणित घातलं होतं. खडू हातात होता. गणित करायला मला एक क्षण लागला. सकाळी पाणी एक तास आधी सुटलं, ते माझ्या शेतात. संध्याकाळी एक तास आधी बंद झालं, ते तिच्या शेतातलं. मला सात तास, तिला पाच. दोन्ही टोकं सरकली होती आणि मधली खूण तिथेच राहिली होती.

आज संध्याकाळी तिला सांगू, असं मी ठरवलं. एवढंच सांगायचं होतं की बाई, आता सावली काठीच्या बुडाशी यायची वाट बघू नको, एक तास आधी ये. संध्याकाळी मी शेतावर गेलो. माझ्या साऱ्या बांध्या तुडुंब भरल्या होत्या. पलीकडची ती उंचवट्याची बांधी, जिच्यात कधी नीट पाणी चढत नसे, तीसुद्धा भरली होती. बघून जिवाला बरं वाटलं. पुढच्या पाळीला सांगू, असं म्हणून मी घरी आलो.

इतरांनी काय केलं, तेही सांगतो, म्हणजे माझ्याकडे सबब उरणार नाही. इतर फाट्यांवरच्या खालच्या शेतकऱ्यांना चार-आठ दिवसांत हे कळलं. चावडीत भांडणं झाली, एकाने दुसऱ्याच्या अंगावर फावडं उगारलं, आणि शेवटी त्यांनी आपापसांत दुपारची खूण एक तास अलीकडे आणली. चावडीत बाया बसत नसत. आमच्या फाट्याचं भांडायला कोणी नव्हतं. भांडण नाही म्हणजे तक्रार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला वेळ लागत नाही.

तिसऱ्या की चौथ्या पाळीला ती शाळेत आली. पोरांना सुटी झाली होती. दाराबाहेरच उभी राहून म्हणाली, "गुरुजी, मोरी लवकर बंद होऊन राहिली का जी? माह्या खालच्या दोन बांध्याइले पानीच नाई पोचून राहिला."

"सहाला बंद होते बाई. पाणकर घड्याळ पाहूनच करते."

"मले काय समजते घड्याळातला. पन पयले दिवस बुडेपर्यंत पानी राहे. आता त दिवस वरतच राहते."

तेव्हा बोलायला हवं होतं. ती समोर उभी राहून नेमकं तेच विचारत होती. मी टेबलावरची पुस्तकं रचत म्हणालो, "दिवस लहान होऊन राहिले न आता. थंडी येऊन राहिली."

"हव का," ती म्हणाली. मग वळून गेली.

दिवस लहान होत असतील तर सहा वाजता अंधार लवकर पडायला हवा, ऊन जास्त उरणार नाही. हे उलटं कसं, असं चौथीतल्या कोणत्याही पोराने मला विचारलं असतं. तिला तर ते चौथीतल्या पोरापेक्षा चांगलं कळत होतं, तिचा सारा जन्म उन्हात गेला होता. तरी तिने विचारलं नाही, कारण गुरुजी बोलले होते. मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो असेन, पण शाळेत उभा राहून, शिकवण्याच्या आवाजात, असं कधी बोललो नव्हतो. हे लिहितानाही कानशिलं तापतात.

मग मला तोंड फुटणं आणखीच अवघड झालं. आता सांगायचं म्हणजे आधीचं खोटं होतं हेही सांगावं लागणार. मी पाळीच्या दिवशी दुपारी खिडकीकडे पाठ करून बसू लागलो.

दिवाळीनंतर दिवाणजी धान बघायला आला. मलाही बरोबर घेतलं, गुरुजी म्हणजे पंच माणूस. तिच्या वरच्या बांध्या बऱ्या होत्या. खालच्या दोन बांध्यांमध्ये धान नुसता उभा होता. दिवाणजीने एक लोंब तोडली, तळहातावर चोळली आणि फुंकर मारली. सगळी फोलं उडून गेली, हातावर दाणा राहिला नाही. बाई बांधावर उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला होता.

"पानी भेटला होता का इले?" दिवाणजीने मला विचारलं.

मी म्हणालो, "मोरी सहा ते सहा उघडी होती, दिवाणजी. पाळी एकही चुकली नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. हेच त्यातलं सगळ्यात घाणेरडं. दिवाणजीने मान हलवली. "मी बोललोच होतो. बाईच्या हातचा काम नाही हे." त्याने हातावरची फोलं झटकली आणि पुढच्या शेताकडे निघाला.

उन्हाळ्यात ती जमीन रिकामी झाली. लागून माझं शेत, त्यामुळे दिवाणजीने मलाच विचारलं. मी दोनदा नको म्हणालो आणि तिसऱ्यांदा हो म्हणालो. ते दोन नकार शिष्टाचाराचे होते, दिवाणजीलाही माहीत होतं. मी नाही घेतली तर दुसरा कोणी घेईल, तिला थोडीच परत मिळणार आहे, असं मी बायकोला सांगितलं. पुढच्या पावसाळ्यात बाई त्याच बांध्यांमध्ये माझ्याकडे रोजीने रोवायला आली. मी तिला इतरांसारखीच वागणूक दिली, असं मला तेव्हा वाटे. खरं म्हणजे मी तिच्याकडे बघतच नसे.

नवऱ्याची पत्रं यायची. ती वाचून दाखवायला आणि उत्तर लिहायला गावात दुसरं कोण होतं? एका पत्रात त्याने जमिनीचं विचारलं. ती माझ्या ओसरीत खाली बसली, मी वर, मांडीवर पाटी घेऊन, पाटीवर कागद. ती म्हणाली, "लिवा, जमीन गेली. पानी बरोबर भेटला होता, पन माह्या हातून झाला नाई." मी दौतीत टाक बुडवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, पाणी बरोबर मिळाले होते, परंतु माझ्या हातून झाले नाही. हात थांबला नाही. शुद्धलेखनाची एकही चूक झाली नाही. खाली तिच्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि पत्ता लिहिला.

युद्ध संपलं. त्याच्या थोडा आधी तिचा नवरा परत आला, खोकला घेऊन. कामाला फारसा उपयोगाचा राहिला नव्हता, पण तोंड धड होतं. जमीन घालवली म्हणून बायकोला येताजाता सुनवायचा. आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. माझ्या बापानं केलेली जमीन, आजानं केलेली जमीन, तू एका सालात घालवली. ती उलट काही बोलताना मी कधी ऐकली नाही.

पंचेचाळीसच्या ऑक्टोबरात कोतवालाने दवंडी दिली, घड्याळं एक तास मागे करा, जुना टाइम परत लागला. मी ओसरीत स्टुलावर उभा राहून काटा फिरवला. संध्याकाळी कामावरून जाताना बाई ओसरीजवळ थांबली.

"गुरुजी, कोतवाल म्हनते का आता सहाचे पाच होतील. मंग मोरी कधी बंद होईल जी?"

"दिवस बुडताना."

"पयल्यासारखी?"

"हव."

ती तिथेच उभी राहिली. बोटांची पेरं मोजत होती. मी तिला कधी शिकवलं नव्हतं, पण तिला गणित येत होतं. माझ्यापेक्षा तीन वर्षं उशिरा तिने ते केलं, एवढंच.

"म्हनजे त्या साली बी पाचलेच बंद होऊन राहिली होती," ती म्हणाली. "हर पाळीले माह्या पान्यातला एक तास गेला. माह्या हातचा नव्हता ते." तिचा आवाज चढला नव्हता. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "तुमाले तवा ध्यानात आला होता का जी?"

"नाही," मी म्हणालो.

"कसा येईल. तुमाले शाळा होती." असं म्हणून तिने माझीच समजूत घातली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "गुरुजी, एक डाव माह्या घरधन्याले सांगा न. मी सांगीन त त्याले पटनार नाई. तुमचा तो मानते."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगायचं म्हणून निघालो होतो, शपथेवर सांगतो. तो अंगणात खाटेवर बसला होता. मी त्याला युद्धाचा टाइम समजावला, मोरी समजावली, खालच्या शेताचा तास कसा गेला ते समजावलं. चांगलं समजावलं. तो तास गेला कुठे, हे तेवढं सांगितलं नाही. सरकारने नेला, असं त्याला वाटू दिलं.

आतून बाई दाराशी येऊन उभी राहिली. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "मी लय बोललो इले." मग मला म्हणाला, "आता इतक्या सालानंतर कोन येऊन सांगते जी? तुमी आले."

मी जायला उठलो तेव्हा तोही खोकत उठला, आणि वाकून त्याने माझ्या दोन्ही पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले नाहीत.